मळखाऊ रंग

माझ्या हातून आयुष्यात जेवढे घोटाळे झाले, ते सगळे कागल ते कोल्हापूर या पट्ट्यात झाले आणि तिथल्या तिथं मिटले. एकच घोटाळा असा, की तो मी विमानात घालून थेट आफ्रिकेला नेला. तोच सांगतो. पण आधी चहा संपवा. घोट तोंडात असताना हसलात आणि शर्टावर सांडला, तर मला बोल लावायचा नाही!

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी साखर कारखान्यात फिटर फोरमन होतो. युगांडात एका गुजराती मालकानं बंद पडलेला साखर कारखाना घेतला होता आणि तो उभा करायला त्याला कोल्हापूरकडची माणसं पाहिजे होती. का पाहिजे असणार नाहीत? उसाचा रस कुठून गळतोय, हे आमचा माणूस नुसत्या वासावरून सांगतो!

माणसं गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. कागलचे, शिरोळचे असे एकापेक्षा एक तयार हात मी निवडले. आणि अजिबात तयार नसलेला एक निवडला. माझा मेव्हणा, पोपट.

त्याला का निवडला म्हणून विचारता? तुमचं लग्न झालंय ना? मग झालं तर.

सगळं ठरलं आणि बातमी आली, की तिकडं एक माशी असते, ती चावली की माणसाला झोपेचा आजार होतो. आमच्या मंडळींनी, म्हणजे शालननं, भाकरी थापता थापता हात थांबवला.

"अवो, माझा एकुलता एक भाऊ हाय त्यो. तुमच्या भरवशावर धाडतीया."

"अगं, मी हाय की!"

"म्हनूनच भ्या वाटतंय. त्याला एक जरी माशी चावली, तर तुम्ही तिकडंच ऱ्हावा. हिकडं यायचं काम न्हाय."

आता जावयाला सासुरवाडीत एवढीच काय ती इज्जत असते. ती पणाला लागली म्हणताना मी सरळ कोल्हापूर गाठलं आणि एका चांगल्या डॉक्टरांना भेटलो. मोठे अभ्यासू गृहस्थ. त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं.

"त्सेत्से माशी," ते म्हणाले. सुपारी तोंडात असताना हे नाव घेऊ नका, सुपारी समोरच्याच्या अंगावर जाते. "आपल्या गोमाशीची बहीण समजा. डासासारखी रात्री येत नाही, दिवसाढवळ्या चावते. तिच्या डंखातून रक्तात एक परजीवी शिरतो. आधी ताप, डोकेदुखी, अंगदुखी. दुर्लक्ष केलं तर पुढं तो मेंदूत पोचतो. मग माणूस दिवसा झोपायला लागतो, बरळायला लागतो. वेळेत औषध मिळालं नाही तर दगावतो."

"लस टोचून घेतली तर?"

"लस नाही. आधी घ्यायची गोळी नाही. अंगाला लावायच्या मलमाची तिला फारशी पर्वा नाही. चावू द्यायचं नाही, एवढाच उपाय. पातळ कापडातून ती सहज चावते, म्हणून जाड कापडाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे शिवा. आणि त्यांचा रंग..."

तेवढ्यात त्यांचा फोन खणखणला. मी म्हटलं, जाड कापड, पूर्ण बाह्या. समजलं की! आता यात आणखी काय ऐकायचं? उठलो, नमस्कार केला आणि पायरी उतरलो. तर मागून डॉक्टर ओरडतायत, "अहो दिनकरराव, थांबा! रंगाचं राहिलं!"

आता तुम्हीच सांगा. परदेशी निघालेल्या माणसाला कोणी मागून हाक मारतं का? आमच्याकडं साधं बाजाराला निघालेल्या माणसाला मागून हाक मारली तरी तो पाणी पिऊन, घटकाभर बसून मग निघतो. आणि इथं तर समुद्र ओलांडायचा होता! एवढा शिकलेला माणूस, पण रीतभात नाही. मी मान वळवली नाही. पाय उचलला तो शाहूपुरीतल्या मल्लाप्पाअण्णांच्या कापड दुकानात टेकला.

अण्णा सीमाभागातले. मराठीत भाव सांगणार आणि कानडीत गड्याला दटावणार.

"या दिनकरराव. जाड कापड पायजे? मग ह्यो खाकी घ्या. लई टिकतंय."

"खाकी? आम्ही काय होमगार्डात चाललोय?"

"मग ह्यो मातकट?"

"अण्णा, माणसं ग्रीसात लोळणार हायती. मळखाऊ रंग काढा."

अण्णांनी वरच्या फळीवरून एक तागा धाडकन खाली टाकला. गडद निळा! असा निळा, की बघतच राहावं.

"ह्याच्यावर डबाभर ऑइल सांडलं तरी कापडाला पत्ता लागत न्हाय," अण्णा म्हणाले.

अख्खा तागा घेतला. सगळ्यांना एकाच ताग्यातलं शिवलं, की 'त्याचं भारी आणि माझं हलकं' हे भांडणच राहत नाही. आमच्याकडं लग्नात भावकीला असंच गप्प ठेवतात. शिंप्यानं सगळ्यांचे शर्ट-पँट बेतले. कापड उरलं, त्यातून टोप्या निघाल्या. तरी उरलं, पिशव्या निघाल्या. तरी हे एवढं गाठोडं शिल्लक! म्हटलं, असू दे, परमुलखात कापड मिळो न मिळो.

निघताना गल्लीतल्या मंडळानं आमचा सत्कार केला. अजून काहीच केलेलं नव्हतं, पण कोल्हापूर जिल्ह्यात सत्काराला कारण लागतं असं कोणी सांगितलं? फेटे झाले, हार झाले, हलगी झाली. माझ्या हातात माईक आला.

"ती माशी आमच्या वाटंला आली, तर तिलाच झोपवून येऊ!" मी गरजलो.

टाळ्यांचा कडकडाट! एकटी शालन टाळ्या वाजवत नव्हती. ती भावाकडं बघत होती, आणि भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होता.

तर पोचलो युगांडात. कारखाना नदीकाठी, भोवती ऊस, उसापलीकडं दाट झुडपं. बघून वाटलं, शिरोळलाच आलोय, नुसता महापूर यायचा राहिलाय. पोपटला मी मुद्दाम हत्यारांच्या स्टोअरवर बसवला. सकाळी पाने-पक्कड वाटायची, संध्याकाळी गोळा करायची. खोलीला दार, खिडक्यांना बारीक जाळी. म्हटलं, हा जपला की मी वाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची निळी पलटण कामावर निघाली. आणि माशी आली.

एक आली, दोन आल्या, मग मोजायचं सोडून दिलं. चावली की असा चटका बसायचा, की मिलवर चढलेला वेल्डर "आयाया" करत खाली! जाड कापड होतं म्हणून निम्मे डंख अडायचे. पण मानेला, मनगटाला, कानाला ती जागा बरोबर शोधायची. आणि गंमत बघा, शेजारी तिथली माणसं मळक्या, विटक्या कपड्यांत काम करतायत आणि त्यांच्याकडं माशी ढुंकूनसुद्धा बघत नाही!

मी विचार केला. मी विचार केला की काहीतरी होतंच.

"आपण गुळाची ढेप आणलीय, तिचा वास!" मी निदान केलं. ढेप गावातल्या पोरांना वाटून टाकली. माश्या तेवढ्याच.

"मग ह्यो सदाच्या डोक्याचं तेल!" सदा म्हणजे आमच्याच तुकडीतला फिटर, त्याला साबणानं डोकं धुवायला लावलं. माश्या दुप्पट.

शेवटी म्हटलं, अंग उघडं राहतंय, हीच चूक. ते उरलेलं गाठोडं सोडलं. त्यातून सगळ्यांना हातमोजे शिवले, तोंडाला बांधायला फडकी केली, मानेवरून पदर सोडले. जीपच्या सीटला, हुडाला तेच कापड! आता आमचा डोळ्यांशिवाय काही भाग दिसत नव्हता. आणि माश्या? ढगच्या ढग! जीप सुटली की धुरळ्यामागं माश्या पळायच्या.

जेवढा उपाय वाढवावा तेवढी माशी वाढतीय, हे लक्षात यायला हवं होतं ना? तुमच्या आलं. माझ्या नाही आलं. मी फोरमन होतो.

तिथले कामगार आमच्या शर्टाला बोट लावून, हात हलवून, कळवळून काहीतरी सांगायचे. भाषा कुणाला येतीय! मी सदाला म्हटलं, "बग, कापड कसं पसंत पडलंय!" आणि एका म्हाताऱ्याला मोठ्या मनानं एक निळी टोपी भेट दिली. त्यानं ती दोन बोटांत धरली, माझ्याकडं बघितलं आणि लांब झुडपात भिरकावली. मला जरा रागच आला. भेटवस्तूची ही पद्धत?

एक दिवस नदीवरचा पंप बघायला आम्ही जीपमधून निघालो. पोपटला बरोबर घेतलं होतं, कारण पाने उचलायला माणूस पाहिजे. वाटेत वळणावर बघतो तर काय! दोन खांब रोवलेले, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेलं कापड, आणि कापडाचा रंग? आमचाच! तोच गडद निळा! वर पांढऱ्या जाळीचा घुमट.

मी ओरडलो, "थांब, थांब! गाडी थांबव!"

"काय झालं?" सदानं विचारलं.

"अरे डोळे फुटले काय? स्वागताची कमान हाय! आपल्याच रंगाची! मालकानं गुपचूप उभी केलीया!"

आता तुम्ही हसताय. पण कोल्हापूरच्या माणसानं रस्त्यावर दोन खांब आणि मध्ये कापड बघितलं, तर त्याला दुसरं काय वाटणार? आमच्याकडं नगरसेवकाचा वाढदिवस असला तरी कमान उभी राहते. आम्ही तर सातासमुद्रापलीकडून आलो होतो!

सगळे उतरले, एकटा पोपट सोडून. तो काचा वर करून गाढ झोपला होता. मी कमानीखाली मधोमध उभा राहिलो, बाकीचे उंचीप्रमाणं दोन्ही बाजूंना. सदानं कॅमेरा काढला. यजमान अजून आले नव्हते. म्हटलं, पाहुणे वेळेवर आणि यजमान उशिरा, ही रीत जगभर सारखीच. वाट बघू.

वाट बघता बघता माश्यांनी आम्हाला असं घेरलं, की फोटोत आमच्यापेक्षा त्याच जास्त आल्या. पण सत्काराला उभा राहिलेला माणूस हलतो का? गुरं घेऊन दोघे गुराखी समोरून आले. आम्हाला बघून थबकले. मी हात जोडून आभाराचं भाषण सुरू केलं, तर ते गुरं तिथंच टाकून पळाले!

आणि थोड्या वेळानं त्यांच्या पाठोपाठ एक धुळकट जीप आली. तिच्यातून मातकट कपड्यातल्या एक बाई उतरल्या. जन्मानं तिथल्याच, घराणं गुजराती. सरकारच्या माशी-निर्मूलन खात्यात डॉक्टर. त्यांनी आम्हाला नखशिखान्त न्याहाळलं आणि हिंदीत किंचाळल्या, "अरे भाईसाब! ये मक्खी पकडने का फंदा है! आप लोग फंदे के अंदर खडे क्यों हो?"

"म्हंजे... कमान न्हाय?" मी मराठीतच विचारलं.

नव्हती. ती सगळी कहाणी त्यांनी तिथंच सुनावली. ह्या माशीला गडद निळा रंग असा काही आवडतो, की ती लांबून त्याच्याकडं झेपावते. काळाही आवडतो. म्हणून निळ्या कापडाचे सापळे लावतात. माशी कापडावर येते, वर चढते आणि जाळीत अडकते. ह्या मुलखात येणाऱ्यानं खाकी, मातकट, फिके कपडे घालायचे असतात. गाडीत बसण्याआधी आत माशी आहे का बघायचं, काचा लावायच्या. भर उन्हात ती झुडपात विसावलेली असते, तिथं पाय घालायचा नाही.

मग त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मी इतके दिवस डोकं खाजवतेय! माझ्या फंद्यांत एकाएकी माश्या येईनाशा झाल्या. मला वाटलं, माशी संपत आली. मी वर कळवूनही टाकलं! आता समजलं, त्या सगळ्या तुमच्याकडं येत होत्या. माझे फंदे जागेवर उभे, आणि तुम्ही फिरते!"

शाहूपुरीतला तो खाकी तागा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. अण्णांनी हातात दिला होता हो!

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. बाई गंभीर झाल्या. सगळ्याच माश्यांमध्ये तो परजीवी नसतो, पण कुणामध्ये आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. येते काही आठवडे कुणालाही ताप आला, डोकं दुखलं तर लगेच सांगायचं. रक्त तपासत राहायचं. एक जरी माणूस सापडला तर औषधोपचार करावे लागतील.

मी तिथून थेट जीपकडं धावलो. कारण जीपमध्ये पोपट झोपला होता. आणि आजाराचं नाव होतं झोपेचा आजार!

तुम्हाला माझी अवस्था कळतेय का? दुसरा कुणी दिवसा झोपला तर संशय घेता येतो. पोपट जन्मल्यापासून दिवसा झोपतोय! त्याच्यात आजार आला तर ओळखायचा कसा? त्या दिवसापासून कामातून वेळ काढून मी त्याच्या कपाळाला हात लावायला पळायचो. स्टोअरचं दार आतून बंद. मी ठोकायचो. आतून डोळे चोळत हा यायचा.

"काय दाजी?"

"झोपला हुतास?"

"जरा डोळा लागला."

"डोकं दुखतंय?"

"तुमी दार ठोकून ठोकून दुकायला लागलंय."

"ताप?"

"न्हाय. भूक लागलीया."

बरळणं हे लक्षण म्हणावं, तर तेही त्याच्यात लहानपणापासून होतं. मी रडकुंडीला आलो. खरं सांगतो, त्या आठवड्यांत मला शालनची भीती वाटली नाही. त्या पोराचीच काळजी वाटली. आळशी असेल, पण "दाजी" म्हणताना त्याच्या तोंडावर जो विश्वास असतो, त्याचं ओझं फार.

काळजी विसरायला एकच मार्ग होता, काम! बाईंचे सापळे लाकडाचे, वाळवी लागून कलंडलेले. मी म्हटलं, "आता आमचा हात बघा." कारखान्याच्या भंगारातून सळ्या काढल्या, वेल्डरांनी चौकटी जोडल्या. अंगावरचे शर्ट उतरवले, हुड उतरवला, टोप्या, हातमोजे, पदर सगळं उसवलं आणि चौकटींवर ताणून बसवलं. आम्ही खाकी कपड्यांत आलो आणि आमचे निळे कपडे नदीकाठानं रांगेत उभे राहिले. माशी नेमकी कुठून येते, कुठं जास्त चावते, हे आमच्याइतकं त्या मुलखात कुणाला माहीत होतं? अंगावर नकाशाच होता की! बाई म्हणतील तिथं नाही, आम्ही म्हणू तिथं सापळे लागले.

आणि काय सांगू! जाळ्या माश्यांनी गच्च भरल्या. बघता बघता उसाच्या फडातली माशी हटली. तोडकरी निवांत ऊस तोडायला लागले, मिल फिरली, पहिलं गाळप निघालं! बाई दूरदूरच्या साहेबांना आणून सापळे दाखवायच्या आणि ठणकावून सांगायच्या, "कोल्हापुरी फंदा." मालकानं खरोखरचा सत्कार केला. त्या समारंभात मी कमानीखाली जायच्या आधी खांब हलवून नीट बघून घेतलं, ही गोष्ट वेगळी.

शेवटच्या तपासणीला बाईंनी सगळ्यांचं रक्त घेतलं. सगळे स्वच्छ! कुणाच्याही रक्तात काही नाही. मी डोळे पुसले. मग बाईंनी एकेकाला विचारलं, किती वेळा चावली असेल? कुणी म्हणालं शंभरदा, कुणी म्हणालं हिशेब नाही. पोपट म्हणाला, "मला? एकदाबी न्हाय."

बाई चकित! त्याचे हात, मान, कान सगळं बघितलं. एक डाग नाही. त्या कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या, आणि माझी छाती वीतभर फुगली. जपला होता की मी त्याला!

परत आलो तेव्हा मंडळानं आधीच्यापेक्षा मोठा सत्कार ठेवला. शालन पुढच्या रांगेत. मी माईक धरून सांगितलं, "माझ्या मेव्हण्याला मी एक माशी शिवू दिली न्हाय!" शालननं पहिल्यांदा, लग्नानंतर पहिल्यांदा, माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मग कुणीतरी ओरडलं, "पोपटरावांनीबी दोन शब्द बोलावं!"

पोपट उठला, खाकरला. "तसं इशेश काय न्हाय. ती माशी दिवसाच चावती. मग दाजी कामावर गेलं की मी स्टोअरचं दार लावायचो, खिडक्यांस्नी जाळी हुतीच, आन् झोपायचो. मी उठंपतूर तिचा चावायचा टाइम संपल्याला असायचा."

मंडपात हशा आणि टाळ्या! शालन उभी राहिली, पदरानं डोळे पुसत माझ्याकडं वळली.

"बघा! डोकं हाय माझ्या भावाला. आन् तुमास्नी किती चावल्या?"

मी खाली बसलो.

पुढच्या हंगामाला युगांडातून पुन्हा बोलावणं आलं. मालकाला तेच फिटर पाहिजे होते. शिवाय त्यांना माशीपासून सांभाळायला एक जाणकार साहेबही पाहिजे होता, आणि डॉक्टरीणबाईंनी त्या जागेसाठी एकच नाव सुचवलं होतं, संपूर्ण तुकडीत ज्याला माशी एकदाही चावली नव्हती, त्या माणसाचं.

गेलो की मी! जाईन नाही तर काय? पोपटसाहेबांच्या हाताखाली.